तबकडीवरच्या डागांचे मोल

जुन्या घड्याळांच्या बाजारात एक विलक्षण उलटापालट झाली आहे. एकेकाळी जे दुकानात पडून राही, त्यालाच आज लिलावात चढी बोली लागते.

रोलेक्सचे ‘डेटोना’ हे याचे ठळक उदाहरण. १९६३ मध्ये आलेल्या या घड्याळाच्या एका प्रकारातील तबकडी काहीशी भडक होती. ग्राहकांना ती रुचली नाही. अभिनेते पॉल न्यूमन मात्र पत्नी जोअॅन वुडवर्ड यांनी भेट दिलेले तेच घड्याळ वापरत. पुढे संग्राहकांनी त्या तबकडीला न्यूमन यांचेच नाव दिले आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात खुद्द त्यांचे घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. धातूचेही तसेच. पाटेक फिलिपच्या ‘१५१८’ या सोन्याच्या घड्याळांपेक्षा दुर्मीळ पोलादी नगाला अधिक मान. २०१६ मध्ये जिनिव्हात असा एक नग १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेला.

खरा बदल मात्र ‘नवेपणा’च्या कल्पनेत झाला. सेइकोने १९६९ मध्ये क्वार्ट्झ घड्याळ आणले आणि अचूक वेळेसाठी चावीच्या घड्याळाची गरज उरली नाही. उपयोग संपला, तेव्हा जुनेपण हाच त्याचा गुण ठरला. पूर्वी डागाळलेली तबकडी बिनदिक्कत रंगवून घेत. आता उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी ‘ट्रॉपिकल’ म्हणून मिरवते आणि पॉलिश केलेल्या केसची किंमत घसरते.

आपल्याकडे याचा फटका एचएमटीला बसतो. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या घड्याळांना, एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतल्यावर, नवे चाहते लाभले. त्यांच्या मागणीपोटी जुन्या यंत्रांवर रंगीबेरंगी नव्या तबकड्या चढवून विक्री होऊ लागली. परदेशी संग्राहक अशा मालाला उपरोधाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात! कारागिरांचे कसब त्यात नाकारता येत नाही, पण संग्रहाच्या दृष्टीने ते घड्याळ संपलेलेच.

ओळखण्याची खूण सोपी आहे. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. आजोबांची ‘जनता’ दुरुस्तीला देताना यंत्र साफ करून घ्यावे. तबकडीला मात्र हात लावू देऊ नये.