फूड पँट्री व नागरी हक्कांचे नियम (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गरजू कुटुंबांना कोरडा शिधा, डबाबंद अन्न व भाजीपाला फुकट देणाऱ्या स्थानिक केंद्राला फूड पँट्री म्हणतात. शिजवलेले अन्न वाढणारी केंद्रे हा वेगळा प्रकार आहे. पँट्र्यांना माल पुरवणाऱ्या मोठ्या गोदामवजा संस्थांना फूड बँक म्हणतात; पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथे सुरू केली. बहुतेक पँट्र्या चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या समाजकेंद्रात स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. त्यांतील ज्या केंद्रशासनाचे धान्य घेतात, त्यांना कृषिखात्याचे नागरी हक्कविषयक नियम लागू होतात. वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, लिंग, वय किंवा अपंगत्व यांवरून भेदभाव करता येत नाही आणि तक्रार करणाऱ्यावर सूडही उगवता येत नाही. हे नियम वरवर कागदी सोपस्कार वाटतात. पण त्यांचा खरा हेतू एकच आहे: सरकारी अन्न वाटणाऱ्याच्या हातून माणसे निवडण्याची मुभा काढून घेणे.

ही मुभा किती घातक ठरू शकते, हे मिसिसिपी राज्यातील लफ्लोर काउंटीत १९६२ च्या हिवाळ्यात दिसले. कापसाचा हंगाम संपला की तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या हाताला काम नसे. केंद्राकडून येणारे शिलकी पीठ, तांदूळ आणि दुधाची भुकटी यांवर घरे चालत. वाटप मात्र काउंटीच्या हाती होते. कृष्णवर्णीयांनी मतदार नोंदणीची चळवळ सुरू करताच काउंटी मंडळाने ते वाटपच बंद केले आणि वीस हजारांहून अधिक लोकांचा शिधा तुटला. ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ या विद्यार्थी संघटनेने देशभरातून अन्न गोळा केले, विनोदी कलावंत डिक ग्रेगरी यांनी विमान भाड्याने घेऊन अन्नसाठा पाठवला, आणि केंद्राच्या दडपणाखाली १९६३ मध्ये वाटप पुन्हा सुरू झाले. धान्य केंद्राचे, भूक मजुरांची. पण मध्ये बसलेल्या स्थानिक मंडळाला दोन्ही वेठीस धरता आले. केंद्राचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात वंश, वर्ण वा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण याच काळात आकाराला आले. पुढे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने अपंगत्वाला आणि १९७५ च्या कायद्याने वयाला असेच संरक्षण दिले.

पँट्र्यांपर्यंत हे नियम पोहोचले ते सरकारी धान्याच्या वाटेने. दुग्धव्यवसायाला आधारभाव देताना सरकारी गोदामांत चीजचे ढीग साचले होते. डिसेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांतील तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटण्यास मंजुरी दिली. १९८३ च्या कायद्याने या तात्पुरत्या सोयीला चौकट मिळाली आणि १९९० मध्ये नावातला ‘तात्पुरता’ हा शब्द गेला. ‘दि इमर्जन्सी फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ ही तीच योजना. कृषिखाते अन्न खरेदी करून राज्यांना देते. राज्ये ते फूड बँकांना आणि फूड बँका पँट्र्यांना देतात. अन्नाबरोबर अटही खाली उतरते: प्रत्येक टप्प्यावरच्या करारात भेदभाव न करण्याची हमी लिहून द्यावी लागते.

या हमीचा तपशील कृषिखात्याच्या अन्न व पोषण सेवेने २००५ मध्ये काढलेल्या ११३-१ क्रमांकाच्या सूचनेत आहे. लोकांशी नेहमी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना व स्वयंसेवकांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावे लागते. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे ठरावीक मजकुराचे, ११ बाय १७ इंची भित्तिपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे लागते. तक्रार घटनेपासून १८० दिवसांत करता येते, ती तोंडी असली तरी नोंदवून घ्यावी लागते, आणि निनावी तक्रारही टाळता येत नाही. वरची संस्था ठरावीक काळाने येऊन पालन तपासते.

नियमांची कसोटी लागते ती मात्र रांगेपाशी. फक्त स्पॅनिश येणारी आजी नाव नोंदवायला आली, तर बरोबरच्या आठ वर्षांच्या नातवाला दुभाषा करून तिचे घरचे उत्पन्न विचारणे सोयीचे असते. पण मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेऊ नये, असे मार्गदर्शन आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस तळघराचा जिना उतरू शकत नसेल, तर पिशवी वर आणून देणे ही मेहरबानी नसून कर्तव्य असते. अपंगांविषयीचा १९९० चा कायदा फूड बँकांचा नावानिशी उल्लेख करतो, पण धार्मिक संस्थांना आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. त्याच चर्चने केंद्राचे धान्य घेतले की कलम ५०४ लागू होते. म्हणजे जिन्यापाशी थांबलेल्या माणसाचा हक्क पुष्कळदा तळघरात रचलेल्या सरकारी खोक्यांतूनच येतो.

यावर पहिला आक्षेप असा की, निवृत्त माणसे आठवड्यातून काही तास फुकट राबतात. त्यांच्यामागे प्रशिक्षणाचा आणि कागदांचा ससेमिरा लावला तर ती यायचीच थांबतील. ओझे खरे आहे आणि लहान पँट्र्यांना ते जास्त जाणवते. परंतु ओळखीच्यांना मोठी पिशवी, अनोळखी आडनावाला जादा चौकशी, असे प्रकार दुष्टाव्यापेक्षा सवयीतून घडतात. सद्हेतू हा त्यावर उतारा नाही. सर्वांना तेच प्रश्न आणि तोच क्रम ही शिस्त आहे. शिवाय केवळ खासगी देणग्यांवर चालण्याची वाट पँट्रीला मोकळी असते. ती सोडून सार्वजनिक पैशातले अन्न घेतल्यावर ते कर भरणाऱ्या साऱ्यांचे असते.

दुसरा आक्षेप धर्मस्वातंत्र्याचा. श्रद्धेपोटी सेवा करणाऱ्यांना श्रद्धा दाराबाहेर ठेवायला लावणे अन्यायाचे, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात नियम तसे सांगत नाहीत. चर्चला आपले नाव, क्रूस व चित्रे ठेवता येतात. प्रार्थना किंवा प्रवचन वाटपापासून वेळेने वा जागेने वेगळे हवे आणि त्यात भाग घेणे ऐच्छिक हवे, एवढीच अट आहे. भुकेला माणूस पिशवीसाठी हात जोडत असेल, तर त्याच्या प्रार्थनेला ऐच्छिक म्हणता येत नाही. ही अट घेणाऱ्याच्याही धर्मस्वातंत्र्याचे रक्षण करते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. नियम मोडणाऱ्याला अंतिम शिक्षा म्हणजे साहाय्य बंद करणे, आणि पँट्रीचे धान्य बंद झाले की उपाशी राहतात तेच लोक, ज्यांच्यासाठी नियम केला. म्हणूनच कायदा आधी समजुतीने सुधारणा घडवायला सांगतो. न्यायालयाची वाटही अरुंद झाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या लाउ विरुद्ध निकोल्स (१९७४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाषेच्या अडसराला राष्ट्रीय मुळावरच्या भेदभावाशी जोडले. पण अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल (२००१) या निकालानंतर हेतू सिद्ध न करता, केवळ विषम परिणामावर बोट ठेवून खासगी व्यक्तीला सहाव्या प्रकरणाखाली दावा लावता येत नाही. भाषासाहाय्याविषयीचा २००० चा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. मूळ कायदा कायम असला, तरी त्याची धार सत्तेबरोबर कमीजास्त होते. मात्र यावरून नियम फोल ठरत नाहीत. वरची शिक्षा बोथट असते, तेव्हा भित्तिपत्रक, प्रशिक्षण आणि तपासणी या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींवरच सारी भिस्त राहते.

या नियमांची मर्यादाही स्पष्ट आहे. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला ठरावीक धान्याचा कायदेशीर हक्क दिला. पँट्रीच्या रांगेतल्या माणसाला पिशवी मिळेलच अशी हमी कोणताही नागरी हक्क नियम देत नाही. माल संपला तर सर्वांना सारखेच रिकामे परतावे लागते. समान वागणूक आणि पुरेसे अन्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि हे नियम पहिल्याचेच उत्तर देतात. पण ते उत्तर नसेल, तर दुसरा प्रश्न सोडवण्यासाठी पाठवलेले धान्यही लफ्लोर काउंटीसारखे कुणाच्या तरी मर्जीत अडकू शकते.