गेम कीवरील प्रादेशिक निर्बंध

व्हिडिओ गेमची डिजिटल प्रत खात्यात चालू करणारा सांकेतिक क्रमांक (गेम की) ठरावीक देशांतच स्वीकारला जाण्याची व्यवस्था. तिचे मूळ देशोदेशींच्या दरभेदात आहे. ‘स्टीम’ या डिजिटल गेम-विक्री मंचाने नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतात रुपयांत किमती सुरू केल्या; अशा देशानुसार वेगळ्या किमतींमुळे स्वस्त देशातील की महाग देशात जाऊ नये, ही प्रकाशकांची चिंता.

काही निर्बंध की नोंदवतानाच अडवतात. काही नोंद झाल्यावरही परदेशात गेम सुरू होऊ देत नाहीत, आणि हेच अधिक जाचक. अमेरिकेतल्या मामाने पूर्ण पैसे मोजून घेतलेली की इंदूरच्या भाच्याच्या खात्यात नाकारली जाऊ शकते. डीव्हीडीच्या काळीही असेच प्रादेशिक विभाग होते: अमेरिकेचा १ आणि भारताचा ५.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने स्टीमची मालक व्हॉल्व्ह आणि ५ प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. पोलंड, हंगेरी आदी देशांतील की युरोपात इतरत्र अडवल्याचा ठपका होता. २०२३ मध्ये या निर्णयाविरुद्धचा व्हॉल्व्हचा दावा न्यायालयाने फेटाळला. निर्णय योग्यच होता. मात्र त्याचे संरक्षण भारतीय ग्राहकाला नाही. इंदूरकरांनी पैसे भरण्याआधी घ्यायची की भारतात चालेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. व्हीपीएनने देश लपवणे हा स्टीमच्या कराराचा भंग आहे.