दाखला कोणाच्या हाती?



फुटबॉल खेळाडूच्या कमाईवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस का उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. पैसे घेऊन खेळणारा खेळाडू हाही मजूरच. त्याची मजुरी कोणीतरी ठरवतो, ती वाढवून मागावी लागते, काम करता करता अंगाला इजा होते आणि वय झाले की त्यालाही घरी बसावे लागते. फरक एवढाच की त्याचे निवृत्तीचे वय पस्तिशीच्या आसपासच येऊन ठेपते.

ह्या मजुरीचा इतिहास समजून घेण्यासाठी मी एकच माणूस निवडला आहे. त्याचे नाव टॉम फिनी. जन्म १९२२, मृत्यू २०१४, गाव इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले प्रेस्टन. हे गाव कापसाच्या गिरण्यांचे. सूतकताईच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला रिचर्ड आर्कराइट इथेच जन्मला. १८५३-५४ साली दहा टक्के मजुरीवाढीसाठी इथल्या गिरणी कामगारांनी कित्येक महिने टाळेबंदी सोसली आणि अखेर ते रिकाम्या हाताने कामावर परतले. लँकेशायरची यंत्रे आणून मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, म्हणून ते गाव आपल्याला अगदीच परके नाही.

फुटबॉलच्या मजुरीचा प्रश्नही ह्याच गावातून उघड्यावर आला. खेळण्याबद्दल पैसे घेणे त्या काळी नियमबाह्य होते. १८८४ साली प्रेस्टन क्लबचा चालक विल्यम सडेल, जो स्वतः एका गिरणीचा व्यवस्थापक होता, त्याने आपण खेळाडूंना पैसे देतो हे उघडपणे कबूल केले. स्पर्धेतून त्याच्या संघाला काढण्यात आले. पण वाद इतका पेटला की १८८५ साली पैसे देऊन खेळाडू ठेवण्यास मान्यता द्यावी लागली. पुढे १८८८-८९ च्या पहिल्याच लीग स्पर्धेत प्रेस्टनने एकही सामना न हरता विजेतेपद मिळवले. ह्या सडेलला १८९५ साली गिरणीच्या पैशांची अफरातफर केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, हेही सांगितले पाहिजे. खेळाच्या वैभवामागे गिरणीचा पैसा होता, तो असा.

मजुरी मान्य झाली, तशी तिला बांध घालण्याची धडपडही सुरू झाली. १९०१ पासून इंग्लंडमध्ये नियम आला की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार देता येणार नाही. आपण कामगार किमान वेतनासाठी भांडतो. इथे कायदा होता कमाल वेतनाचा! पहिल्या महायुद्धानंतर ही मर्यादा नऊ पौंड झाली, आणि १९२२ साली खेळाडूंना न विचारता आठवर आणली गेली. १९५१ साली ती चौदा होती, १९५८ साली वीस. मोसम नसलेल्या उन्हाळी महिन्यांत त्याहूनही कमी.

पण श्रोतेहो, माझ्या मते खरा फास ह्या आकड्यांत नव्हता. तो दुसऱ्या नियमात होता. खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती असे. कराराची मुदत संपली तरी क्लब ती नोंदणी अडवून ठेवू शके. आणि ती सुटल्याशिवाय लीगमधला दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नसे. आपल्याकडे पूर्वी शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दुसऱ्या शाळेत नाव घालता येत नसे, तसेच समजा. भेद इतकाच, की इथे दाखला देणे न देणे मास्तरांच्या मर्जीवर, आणि दाखल्याची किंमत मास्तरच ठरवणार!

आता फिनीकडे वळू. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला लागला. प्रेस्टन क्लबने त्याला बोलावले, तेव्हा वडिलांनी बजावले की आधी हातातला धंदा पुरा शिक, मग चेंडू. हा सल्ला त्याला जन्मभर पुरला. मग महायुद्ध आले. फिनी आठव्या सैन्याबरोबर इजिप्त आणि इटलीत होता. त्यामुळे लीगमधला पहिला सामना खेळायला १९४६ साल उजाडले. तोपर्यंत तो चोवीस वर्षांचा झाला होता. महिनाभरातच त्याची इंग्लंडच्या संघात निवड झाली. पुढच्या चौदा वर्षांत प्रेस्टनसाठी लीगचे ४३३ सामने आणि १८७ गोल, इंग्लंडसाठी ७६ सामने आणि ३० गोल. १९५४ आणि १९५७ अशा दोन वर्षी तो इंग्लंडमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ह्या सर्व काळात त्याचा पगार जास्तीत जास्त किती? आठवड्याला वीस पौंड. बाकीची प्राप्ती नळ बसवून. क्रीडांगणावर हजारोंनी डोक्यावर घेतलेला हा माणूस एरवी लोकांच्या घरी गळके नळ दुरुस्त करी. ‘प्रेस्टनचा प्लंबर’ हे त्याचे टोपणनाव कौतुकाचे होते, तसेच ते त्या व्यवस्थेवरचे शेरेपत्रकही होते.

क्लबांकडे पैसा नव्हता असे मात्र नाही. १९४८-४९ च्या मोसमात लीगच्या सामन्यांना आलेल्या प्रेक्षकांची बेरीज ४ कोटी १२ लाखांच्या वर गेली. दारावर पैसे टाकून लोक ज्याला पाहायला येत, त्याच्या वाट्याला मात्र बांधलेली मजुरी.

१९५२ साली इंग्लंडचा संघ इटलीत गेला असता सिसिली बेटावरच्या पालेर्मो क्लबच्या अध्यक्षाने फिनीला निरोप धाडला. सही केल्याबद्दल दहा हजार पौंड, महिना १३० पौंड पगार, वर बक्षिसी, राहायला बंगला, फिरायला मोटार. हिशेब करून पाहा. आठवड्याला चौदा पौंड वर्षभर मिळाले असे धरले तरी वर्षाचे होतात ७२८. म्हणजे नुसत्या सहीची रक्कम जवळजवळ चौदा वर्षांच्या पगाराइतकी. फिनीने क्लबच्या अध्यक्षांना विचारले. खेळशील तर आमच्याकडे, नाहीतर कोणाकडेच नाही, अशा आशयाचे उत्तर आले. विषय तिथेच संपला. न विचारता जाण्याचा परिणाम काय होतो, हे सर्वांनी पाहिले होते. १९५० साली नील फ्रँकलिन हा इंग्लंडचा नामांकित बचावपटू कोलंबियातल्या क्लबकडे गेला. तो लवकरच परतला, पण त्याच्यावर बंदी आली आणि इंग्लंडसाठी तो पुन्हा कधी खेळला नाही.

फिनीच्या निष्ठेची पुष्कळ स्तुती होते. लीगमध्ये तो एकाच क्लबसाठी खेळला, हे खरेच आहे. त्याचे गावावर प्रेम होते याबद्दलही मला शंका नाही. पण दार बाहेरून कुलूपबंद असताना आत राहणाऱ्या माणसाच्या निष्ठेचे माप कसे काढणार? ज्याला जाता येते आणि तरी जो राहतो, त्याचीच निष्ठा तोलता येते. व्यवस्थेने फिनीकडून पैसा घेतला, एवढेच मला म्हणायचे नाही. आपण मनापासून राहिलो हे सिद्ध करण्याची संधीही तिने त्याच्यापासून हिरावून घेतली.

कुलूप निघाले ते संघटनेमुळे. खेळाडूंची युनियन १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झाली, बिली मेरेडिथ वगैरेंच्या पुढाकाराने. १९०९ साली युनियन सोडायला नकार दिला म्हणून मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना निलंबित करण्यात आले. १९१२ साली हर्बर्ट किंगॅबी या खेळाडूच्या बाजूने युनियन कोर्टात गेली, हरली आणि जवळजवळ दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर अर्धशतक उलटले. १९५७ साली जिमी हिल अध्यक्ष झाला. १९५८ साली नावातून ‘युनियन’ हा शब्द गाळून ‘असोसिएशन’ केले गेले. पण नाव मवाळ झाले तरी काम कडक झाले. १९६० साली संपाच्या सभा सुरू झाल्या. मँचेस्टरच्या सभेत, असे सांगतात, एक तरुण खेळाडू म्हणाला की माझा बाप खाणीत याहून कमी पैशांत राबतो, मग आम्ही कशाला मागावे? तेव्हा बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. तुझ्या बापाचे काम मी करीन, पण त्याने शनिवारी तीस हजार लोकांसमोर स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवून दाखवावे, अशा अर्थाचे तो बोलला. सभेचे मन फिरले. अशा सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एका गरिबाची मजुरी दुसऱ्या गरिबाच्या तोंडावर फेकण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि तिला साधे, रोखठोक उत्तरच लागते.

२१ जानेवारी १९६१ हा संपाचा दिवस ठरला होता. १८ जानेवारीला मालक नमले. कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली. लवकरच फुलहॅम क्लबने जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले. पण नोंदणीबाबत दिलेला शब्द क्लबांनी मागाहून फिरवला. तो फास सोडवायला पुन्हा कोर्टच लागले. न्यूकॅसलने अडवून ठेवलेल्या जॉर्ज ईस्टहॅमने १९६० साली काही महिने खेळ सोडून बूच विकण्याची नोकरी केली होती. त्याच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी १९६३ साली निर्णय दिला की ही पद्धत माणसाच्या उदीमावरचे गैरवाजवी बंधन आहे. तरीही करार संपल्यावर दुसऱ्या क्लबने पैसे मोजण्याची अट उरली. ती युरोपीय न्यायालयाने १९९५ साली उडवली. दावा लावणारा होता बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन. क्लबने त्याचा १,२०,००० फ्रँकांचा मासिक पगार ३०,००० वर आणू पाहिला होता आणि त्याने नकार देताच त्याची वाट अडवली होती. तो जिंकला, पण त्याच्या खेळाचे दिवस संपले होते. पुढे बेकारी आणि दारू त्याच्या वाट्याला आली. आज काही खेळाडूंना आठवड्याला दोन लाख पौंडांहून अधिक मिळतात, त्या पायरीखाली ह्या माणसांची आयुष्ये पुरलेली आहेत.

आणि फिनी? तो १९६० च्या एप्रिलअखेर निवृत्त झाला. मर्यादा उठायला नऊ महिनेही उरले नव्हते! प्लंबिंगचा व्यवसाय त्याने वाढवला, गावात दंडाधिकारी म्हणून काम केले, १९९८ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला, आणि आजारी पत्नीची त्याने अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्याने कधी कडवटपणा दाखवला नाही. उलट बाजूही मांडली पाहिजे. फिनी गेल्यावर वर्षभरात, १९६१ साली, प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, आणि पुढची अनेक दशके परतला नाही. खुल्या बाजारात लहान गावांचे क्लब मागे पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यावर इलाज गावांमध्ये पैसा वाटून देणे हा आहे. माणूस बांधून ठेवणे हा नव्हे.

श्रोतेहो, ही गोष्ट दूरच्या देशाची आहे. पण आजही आमच्या कचेरीत अशी मुले येतात, की ज्यांची मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात अडकली आहेत. पगार किती, हा त्यांचा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, साहेब, माझे कागद मला कधी मिळतील? मजुरीचा भाव पुढे ठरेल, वाढेल, कमी होईल. ज्याचा दाखला त्याच्याच हाती असला पाहिजे, एवढे आधी ठरू द्या.