कमी खर्चात फोटोग्राफीची वेबसाइट : पत्ता स्वतःचा ठेवा, बाकीचं फुकट चालेल

बीबी हे लोणार तालुक्यातलं, मेहकर ते सिंदखेडराजा रस्त्यावरचं गाव. इथल्या फोटोग्राफरचं वर्ष ठरलेलं असतं. लग्नसराई, मग साखरपुडे, जावळं, वाढदिवस आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव. मधल्या मोकळ्या दिवसांत गाडी काढून लोणार सरोवर. काम भरपूर असतं, पण नवीन गिऱ्हाइकानं "तुमचं काम दाखवा ना" म्हटलं की मोबाइलची गॅलरी वर-खाली सुरू होते. जुने फोटो व्हॉट्सॲप स्टेटसवर २४ तासांत संपलेले असतात आणि इन्स्टाग्रामवर फार खाली गेलेले असतात.

"मग वेबसाइट काढ" असं कुणीतरी सांगतं, आणि शहरातला एखादा डेव्हलपर पंधरा-वीस हजारांचा आकडा सांगतो. एवढे पैसे लागत नाहीत. कोडिंग न येणारा माणूस दोन-तीन संध्याकाळी बसून वर्षाला साधारण हजार रुपयांत नीटनेटकी वेबसाइट उभी करू शकतो. फक्त कुठे पैसे टाकायचे आणि कुठे नाही, हे आधी कळायला हवं.

इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं. ज्यांचं सगळं काम तिथेच होतं त्यांचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. ही काही पहिली वेळ नव्हती. नकाशावर फोटो लावण्यासाठी असलेलं गुगलचं पॅनोरामिओ २०१६ मध्ये बंद झालं. फ्लिकरनं २०१८ च्या शेवटी फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही संपली.

त्याच २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे आलं. तेव्हा लोणारचे फोटो जगभर फिरले. पण व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की फाइल दाबून लहान होते आणि तिच्या आत लिहिलेलं फोटोग्राफरचं नाव, तारीख वगैरे माहिती निघून जाते. दुसऱ्या फॉरवर्डनंतर तो फोटो कुणाचा, हे सांगायला काहीच उरत नाही. स्वतःच्या पत्त्यावर, स्वतःच्या नावाखाली तो फोटो ठेवलेला असेल तर निदान बोट दाखवायला जागा राहते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की दोन गोष्टी स्वतःच्या ताब्यात ठेवा : डोमेन आणि मूळ फोटो. बाकी सगळं फुकट घेतलं तरी चालतं, कारण ते उद्या बदलता येतं.

डोमेन : इथे मात्र पैसे टाका

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. लोक पत्ता लक्षात ठेवतात. त्यामागचं घर कुठल्या कंपनीच्या जागेवर आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. डॉट इन हे भारताचं डोमेन असून त्याची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. आपण ते कुठल्याही रजिस्ट्रार कंपनीकडून घेऊ शकतो. पहिल्या वर्षी ९९ किंवा १९९ रुपयांची जाहिरात दिसेल, तिकडे बघू नका. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर बघा. तो कंपनीगणिक साधारण सातशे ते बाराशे पडतो, वर १८ टक्के जीएसटी. खरेदी करताना ईमेल, वेबसाइट बिल्डर, सुरक्षा असं बरंच काही टोपलीत आपोआप पडतं. ते काढून टाका. पत्त्यापुढे कुलूप दिसावं म्हणून लागणारं एसएसएल प्रमाणपत्रही विकत घेऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रं फुकट देते, आणि खाली सांगितलेल्या सेवांमध्ये प्रमाणपत्र आपोआप बसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. माझ्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरची वेबसाइट एका डेव्हलपरनं करून दिली, डोमेन त्यानं स्वतःच्याच खात्यात घेतलं. दोन वर्षांनी तो नोकरी बदलून पुण्याला गेला, फोन उचलेना, डोमेनची मुदत संपली. काही आठवड्यांनी तोच पत्ता उघडला तर भलतीच जाहिरात! व्हिजिटिंग कार्डं, बॅनर, अल्बमचं मागचं पान, सगळीकडे तोच पत्ता छापलेला होता. पोरानं फसवलं असं नाही, त्याच्या लक्षातच राहिलं नाही. पण भोगलं फोटोग्राफरनं.

नाव निवडताना बीबीकरांना एक खास अडचण आहे. नुसतं "बीबी" शोधलं की संभाजीनगरचा बीबी का मकबरा पुढे येतो, नाहीतर बीबी क्रीम. त्यामुळे डोमेनमध्ये गावापेक्षा स्टुडिओचं नाव घ्या आणि गाव पानावरच्या मजकुरात पूर्ण लिहा : "बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा". जिल्ह्याचं नाव कुणी बुलढाणा लिहितं, कुणी बुलडाणा. दोन्ही रूपं पानावर कुठेतरी येऊ द्या. इंग्रजीतही तसंच.

मराठीत पत्ता हवा असेल तर देवनागरी डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून चांगलं आहे, पण फोनवर टाइप करताना लोक अडखळतात. तेव्हा मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा.

वेबसाइट ठेवायची कुठे?

ज्याला फक्त जीमेल वापरता येतं त्यानं सरळ गुगल साइट्स घ्यावं. फुकट आहे, पान ओढून-सोडून तयार होतं, आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. रूप जरा साधं असतं, पण फोटोग्राफरच्या पानावर फोटोच दिसायला हवेत, त्यामुळे ते बरंच. संपादन मोबाइलवरून करायच्या भानगडीत पडू नका, कॉम्प्युटर घ्या. साठवणीची १५ जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हमध्ये मिळून आहे, हे ध्यानात असू द्या. एक चूक हमखास होते : ड्राइव्हमधून लावलेला फोटो "फक्त मला" असा बंदिस्त राहतो. आपल्याला दिसतो, गिऱ्हाइकाला रिकामा चौकोन दिसतो. प्रकाशित केल्यावर पान एकदा इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघाच.

घरात एखादं इंजिनीअरिंगला जाणारं पोरगं असेल तर क्लाउडफ्लेअर पेजेस बघा. तयार एचटीएमएल टेम्प्लेटचं फोल्डर ब्राउझरमध्ये ओढून टाकलं की साइट सुरू. एका फाइलची मर्यादा २५ एमबी आहे, आपल्याला तेवढी लागतच नाही. तेच पोरगं गिटहब पेजेस सुचवेल. तेही चांगलं आहे, पण त्यांच्या नियमात ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठी फुकट होस्टिंग म्हणून वापरू नये असं स्पष्ट आहे. लोणारच्या पक्ष्यांचे हौशी फोटो असतील तर हरकत नाही, लग्नाच्या पॅकेजचे दर टाकायचे असतील तर दुसरीकडे जा.

वर्डप्रेसबद्दल माझं मत थोडं कडू आहे. ते ताकदवान आहे, पण त्याला भाड्याचं होस्टिंग लागतं, दर महिन्याला अपडेट लागतात, आणि दुर्लक्ष झालं की जुन्या प्लगिनमधून कुणीतरी घुसतं. सहा-सात पानांच्या फोटो साइटसाठी ट्रॅक्टर घेऊन किराणा आणायला जाण्यासारखं आहे ते. आणि हो, तुम्ही ॲडोबीचं फोटोग्राफी पॅकेज पैसे भरून वापरत असाल तर ॲडोबी पोर्टफोलिओ त्यातच मिळतं. अनेकांना हे माहीतच नसतं.

डोमेन जोडायच्या पायरीला लोक घाबरतात. रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएस नावाचं पान असतं. ती एक प्रकारची टेलिफोन डिरेक्टरी आहे : हे नाव विचारलं तर त्या जागी पाठव. गुगल साइट्स किंवा क्लाउडफ्लेअर तुम्हाला एक सीनेम नोंद देतं. ती अक्षरशः कॉपी करून तिथे चिकटवायची. लगेच चाललं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका, काही तास जाऊ द्या. उद्या घर बदलायचं ठरलं तर हीच ओळ बदलायची. पत्ता तोच राहतो.

फोटो : खरी मेहनत इथे आहे

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो आणि जेपीईजी सहज १० एमबीची होते. असे २० फोटो एका पानावर टाकले की २०० एमबी. ४ एमबीपीएस वेगानं ते पान उघडायला साडेसहा मिनिटांच्या वर लागतील, आणि गिऱ्हाइकाच्या दीड जीबीच्या रोजच्या डेटातून चांगलाच लचका जाईल. तो तोवर थांबत नाही, पुढच्या स्टुडिओला फोन लावतो.

मोबाइलचा पडदा बहुधा १०८० पिक्सेल रुंद असतो. म्हणून लांब बाजू १६०० पिक्सेल, क्वालिटी ७५ ते ८० ठेवून एक्स्पोर्ट करा. पिक्सेल मूळच्या चौदाव्या भागाएवढे राहतात, फाइल साधारण ३०० केबीची होते, पडद्यावर फरक कळत नाही. तेच २० फोटो आता ६ एमबीत, म्हणजे १२ सेकंदांत. लाइटरूम असेल तर एक्स्पोर्ट प्रीसेट करून ठेवा. नसेल तर डार्कटेबल फुकट आहे आणि एकावेळी शंभर फोटो काढून देतं. दोन-चारच फोटो असतील तर ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश पुरेसं आहे.

एक्स्पोर्ट करताना रंगाची जागा एसआरजीबी निवडा. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ठेवलेलं असतं आणि मग नवरीचा लाल शालू काही पडद्यांवर मळकट दिसतो. फोन बिघडलाय की काय असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. मोबाइलनं काढलेल्या फोटोत जीपीएसचं ठिकाण लपलेलं असतं. कुणाच्या घरी काढलेला फोटो असेल तर ते एक्स्पोर्टमध्ये काढून टाका. कॉपीराइटच्या रकान्यात मात्र स्वतःचं नाव आणि वर्ष भरा. वॉटरमार्क हवाच असेल तर कोपऱ्यात, लहान. चेहऱ्यावरून आडवा गेलेला वॉटरमार्क चोर थोपवत नाही, गिऱ्हाईक मात्र पळवतो.

आणि फोटो निवडा! एका लग्नाचे आठशे फोटो वेबसाइटवर नकोत. ते गिऱ्हाइकाला ड्राइव्हच्या लिंकनं किंवा पेनड्राइव्हमध्ये द्या. साइटवर एका लग्नातले बारा-पंधरा फोटो भरपूर झाले. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक स्टुडिओबाहेर. वेबसाइटवरच्या लहान केलेल्या फोटोतून अल्बम छापता येत नाही.

हे फोटो तुमचे आहेत का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ (ब) प्रमाणे कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो. म्हणजे बटण तुम्ही दाबलं तरी लग्नाचे फोटो विचारल्याशिवाय वेबसाइटवर लावायचा हक्क तुमच्याकडे नाही. दुसऱ्याच्या स्टुडिओत पगारावर असताना काढलेले फोटो, करार नसेल तर, मालकाचे. लोणारचे, जत्रेचे, शेतातले फोटो तुम्ही स्वतःहून काढले असतील तर ते तुमचे. तो हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो.

उपाय सोपा आहे. बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापून घ्या : "या कार्यक्रमातील निवडक फोटो नमुना म्हणून स्टुडिओच्या वेबसाइटवर दाखवण्यास माझी संमती आहे / नाही." खाली सही. विचारणं फक्त नवऱ्या मुलाच्या वडिलांना पुरत नाही, नवरीलाही विचारा. आपल्याकडे मुलीचा फोटो कुठे फिरला की बोलणी तिलाच बसतात. लहान मुलांचे फोटो असतील तर आईवडिलांना विचारा. आणि कधीही फोन आला की "तो फोटो काढा", तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा.

मजकूर आणि संपर्क

पत्रिका आणि अल्बमसाठी श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. वेबसाइटला युनिकोड मराठी लागतं. फोनच्या मराठी कीबोर्डवर किंवा बोलून टाइप करा, ते युनिकोडच असतं. नाव-पत्ता फोटोवर छापू नका, मजकूर म्हणून लिहा, म्हणजे गुगलला वाचता येईल. फोटोखालीही एक ओळ टाका : काय, कुठे, कधी.

संपर्काच्या फॉर्मची गरज नाही. आपल्याकडे कुणी तो भरत नाही. एक बटण फोनचं, एक व्हॉट्सॲपचं. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य न घालता. दर लिहायचे की नाही ते तुम्ही ठरवा. "पॅकेज अमुकपासून पुढे" एवढं लिहिलं तरी निम्मे फालतू फोन कमी होतात.

त्यासोबत गुगल बिझनेस प्रोफाइल उघडा, तेही फुकट आहे. पडताळणीसाठी बऱ्याचदा दुकानाचा पाटीसकट व्हिडिओ मागतात. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कामाचा परिसर दाखवता येतो : बीबी, लोणार, सुलतानपूर, मेहकर, सिंदखेडराजा. प्रोफाइलमध्ये वेबसाइटच्या रकान्यात तुमचं डोमेन टाका. इन्स्टाग्रामच्या बायोमध्येही तेच. आणि डोमेनच्या मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीच्या गजरासह लावा, कारण रजिस्ट्रारचे आठवणीचे ईमेल जाहिरातींच्या ढिगात जातात आणि कार्ड बदललं असेल तर ऑटो-रिन्यू गुपचूप फसतं.