गावाचा कारभार आणि गावाचा भरवसा

कचेरी गावाजवळ आली म्हणजे लोकांचा तिच्यावर भरवसा बसतो, असे आपण धरून चालतो. आपल्या मोहाडीकडचा इतिहास पाहिला, तर एवढ्याने भागत नाही असे दिसते.

मालगुजार तर गावातच राहात होता. भंडारा जिल्ह्यातले तलाव आणि बोड्या प्रसिद्धच आहेत. त्या बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. पाणी पाळीपाळीने सुटे. पाणकर ते कोणाच्या बांधीत किती सोडतो, हे शेतकरी पाळीवर उभा राहून बघत असे. गावचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात लिहिलेले असत. म्हणून पाण्याच्या वाटपावर बराच भरवसा होता. पण मालगुजाराच्या वहीत काय लिहिले, वेठ कशापायी, हे विचारायची सोय रयतेला कुठली? जवळीक होती, जाब नव्हता.

मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. हा मोठाच न्याय झाला. त्याआधी १९४८ च्या कायद्याने तहसिलीसाठी जनपद सभा आल्या होत्या. मोहाडीचा मुलूख तेव्हा भंडारा तहसिलीत. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. मत द्यायचा हक्क मिळाला. पण तलावाची पाळ फुटली तर अर्ज कोणाकडे न्यायचा, हा घोळ गावाला पडला. एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवू लागली, की भला सभासदही लोकांना परका वाटू लागतो.

तेव्हा भरवसा बसायला तीन गोष्टी लागतात. काम डोळ्यांना दिसले पाहिजे, हिशेब कानावर पडला पाहिजे आणि जबाबदार माणूस ठाऊक पाहिजे. यांतली दुसरी गोष्ट आपल्या हाती आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो. पुष्कळ गावी तो भराभर वाचून होतो आणि लोक सह्या करून घरी जातात.

गुरुजींनी एवढे करावे. सभेआधी तो जमाखर्च मागून घ्यावा आणि शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत मांडावा. तलावाच्या दुरुस्तीला किती रुपये लागले, हे वाचून लोक पाळीवर जातील आणि मुरूम पडला की नाही ते स्वतः पाहतील. मग सभेत जो प्रश्न निघेल, त्याचे उत्तर सरपंचांनी तिथेच द्यावे.