सफरचंदाची निद्रा

सफरचंद हे हिमप्रदेशाचे फळ होय, हा समज निराधार नाही. १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स यांनी सिमल्याजवळील कोटगढ येथे अमेरिकेतून आणलेली रेड डिलिशस जातीची रोपे लावली आणि हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या मोठ्या बागायतीचा पाया घातला. हे झाड तेथे फळास आले, याचे श्रेय मातीइतकेच तेथील हिवाळ्यालाही द्यावे लागेल.

शरद ऋतू सरला की सफरचंद पाने गाळून निद्रिस्त होते. ही निद्रा आधी थंडीने पुरी व्हावी लागते. त्यानंतरच वसंतातील ऊब तिला जाग आणते. १९२० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी हे तत्त्व प्रयोगाने दाखवून दिले. हिवाळाभर उबदार काचगृहात जपलेली झुडपे वसंतात नीट फुटली नाहीत. थंडी सोसलेली मात्र पालवली. पुढे बागाईतदार सुमारे सात अंश सेल्सिअसखालील तास मोजू लागले. रेड डिलिशसला असे हजाराच्या आसपास तास लागतात. म्हणजे सलग मोजल्यास चाळीसहून अधिक अहोरात्र. संत्र्या-मोसंब्यांच्या मुलखात इतकी थंडी कोठून मिळणार? तेथे असे झाड मरत नाही, पण उशिरा व तुरळक फुटते, आणि फळांची आशा व्यर्थ ठरते.

विदर्भातील बागाईतदाराला विश्रांतीचे हे महत्त्व नव्याने सांगावयास नको. आंबिया बहार धरण्यासाठी तो संत्र्याचे पाणी तोडून झाडाला ताण देतो. संत्र्याची विश्रांती अशी माणसाच्या हाती असते. सफरचंदाची मात्र ऋतूच्या हाती. तथापि जावा बेटावरील बाटूच्या शेतकऱ्यांनी तीही आपल्या हाती घेतली. डच अमदानीत तेथे सफरचंद आले. फळे उतरविल्यावर हे शेतकरी झाडाची सारी पाने हाताने ओरबाडून काढतात. कळ्या गाढ निद्रेत जाण्यापूर्वीच त्यांना फुटणे भाग पडते आणि वर्षाला दोन पिके हाती येतात. झाडाची निद्रा तेथे पुरी होत नाही. ती टाळलीच जाते.

दुसरा मार्ग झाडच बदलण्याचा. इस्रायलमधील आइन शेमेर या वसाहतीत अब्बा स्टाइन यांनी गोल्डन डिलिशसचा रेड हदासिया या जातीशी संकर करून ‘अ‍ॅना’ हे वाण निर्माण केले. त्याला तीनशे तासांहूनही कमी थंडी पुरते. बहामा बेटांत आढळलेले ‘डॉर्सेट गोल्डन’ त्याच सुमारास फुलते. म्हणून परागीकरणासाठी ही दोन्ही झाडे जवळजवळ लावतात. आपल्याकडे हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावी हरिमन शर्मा यांनी, बियांपासून आपसूक उगवलेल्या रोपाची जोपासना करून ‘एचआरएमएन-९९’ हे वाण सिद्ध केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे वाण महाराष्ट्रातील शेतांपर्यंतही पोहोचले आहे.

परंतु सफरचंदाचे रोप म्हणून जे विकले जाते, ते सर्व उष्ण मुलखाच्या कामाचे नसते. वाणाची चूक पहिल्या वर्षी कळत नाही. झाड हिरवेगार वाढत राहते आणि तीन-चार वर्षांची मेहनत व पाणी खर्ची पडल्यावर फांद्या रित्या दिसतात. म्हणून उंची आणि रंग विचारण्यापूर्वी, या झाडाला थंडी किती लागते, हे विचारावयास हवे.

आता हा प्रश्न केवळ मैदानातल्या हौशी बागाईतदाराचा राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत हिवाळे सौम्य होत गेल्याने कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील सफरचंद मागे हटले. तेथे डाळिंबासारखी फळे आली आणि सफरचंदाच्या बागा लाहौल-स्पितीकडे चढल्या. डोंगराला शिखर असते. त्यापलीकडे बागेला चढावयास जागा नाही. उष्ण देशांनी हौसेपोटी शोधलेली ही अल्पथंडीची वाणे उद्या खुद्द हिमप्रदेशाच्याच उपयोगी पडावीत, अशी वेळ आली आहे.