हरणाऱ्या उमेदवाराचा हिशोब : जेसी जॅक्सन, १९८४ आणि १९८८

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "निवडून येणार नाही हे माहीत आहे, मग उभं कशाला राहायचं? मतं खायला?" प्रश्न विचारणारा नेहमी विरोधकच असतो असं नाही. पुष्कळदा तो आपलाच असतो, चार इयत्ता जास्त शिकलेला असतो आणि त्याची कुठल्यातरी प्रस्थापित पक्षात ऊठबस असते. आम्ही घेतो त्या कार्यकर्ता शिबिरांतही हा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा त्याला स्वाभिमानाच्या भाषेत उत्तर दिलं जातं. स्वाभिमान हवाच. पण या प्रश्नाला हिशोबाचंही उत्तर आहे, आणि ते शोधायला आम्ही अमेरिकेतल्या एका माणसाच्या दोन पराभवांकडे जाणार आहोत. जेसी जॅक्सन १९८४ आणि १९८८ साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले.

आधी तिथली पद्धत थोडक्यात. तिथे दोनदा लढावं लागतं. पहिली लढाई पक्षाच्या आत होते. वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षाचे मतदार आपला कौल देतात. काही राज्यांत मतपेटीतून देतात, त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत संध्याकाळी शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये सभा भरवून देतात, त्याला कॉकस म्हणतात. या कौलावरून प्रत्येक इच्छुकाला प्रतिनिधी मिळतात. उन्हाळ्यात पक्षाचं अधिवेशन भरतं आणि निम्म्याहून जास्त प्रतिनिधी ज्याच्याकडे, तो पक्षाचा उमेदवार. मतांचे प्रतिनिधी कसे करायचे हा नियम पक्ष ठरवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

जॅक्सन १९४१ साली साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावात जन्मले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत तयार झाले आणि १९७१ साली शिकागोत त्यांनी 'पुश' ही स्वतःची संघटना काढली. १९८३ च्या एप्रिलमध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. ज्यांनी कधी नाव नोंदवलं नव्हतं असे हजारो मतदार त्या निवडणुकीत बाहेर पडले होते. जॅक्सन यांनी ते जवळून पाहिलं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याला अठरा वर्षं झाली होती, तरी दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीयांची नावं यादीत नव्हती. त्यांनी दक्षिणेत नोंदणीचा दौरा काढला. सभांमधून 'रन, जेसी, रन' अशी घोषणा उठू लागली आणि ३ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली.

विरोध आधी घरातून झाला. अटलांटाचे महापौर अँड्र्यू यंग, डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग, खुद्द कोरेटा स्कॉट किंग यांनी वॉल्टर माँडेल यांची बाजू घेतली. युक्तिवाद आपल्या ओळखीचाच होता. रेगनला हरवायचं तर मतं फुटता कामा नयेत, आपला माणूस उभा राहिला तर फायदा शत्रूचा. बारा वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, शर्ली चिझम उभ्या राहिल्या तेव्हाही हेच ऐकवलं गेलं होतं. वर त्या बाई होत्या, म्हणून कृष्णवर्णीय पुरुष नेत्यांपैकी बहुतेकांनी त्यांना गंभीरपणे घेतलंच नाही. चिझम यांना अधिवेशनात १५२ मतं मिळाली. जॅक्सन यांच्या आधी ही वाट एका स्त्रीने पाडली होती, हे आपल्या व्याख्यानांत फारसं सांगितलं जात नाही.

आता प्रचाराचं रोजचं जगणं पाहू. माँडेल यांच्यामागे कामगार संघटनांचा महासंघ होता, पैसा होता, प्रत्येक राज्यात कार्यालय होतं. जॅक्सन यांच्याकडे चर्च होतं. रविवारी प्रार्थनेनंतर भाषण व्हायचं आणि भाषणानंतर वर्गणी. ते व्यासपीठावरूनच विचारत, हजार डॉलर कोण देतो? मग पाचशे, मग शंभर, आणि शेवटी बादल्या फिरायच्या. वीस-वीस राज्यांत ठराविक वर्गणी जमवणाऱ्या उमेदवाराच्या लहान देणग्यांवर सरकार तेवढीच रक्कम आपल्याकडून देतं. पण त्यासाठी देणगी चेकसारख्या लेखी स्वरूपात हवी. बादलीत पडलेल्या रोख नोटेला जोड मिळत नाही. ज्या मोलकरणीचं बँकेत खातंच नाही, तिचे दहा डॉलर दहाच राहतात आणि वकिलाच्या अडीचशेचे पाचशे होतात. भीमजयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला यातली मेख लगेच कळेल.

सभेतली दुसरी गोष्ट आम्हाला वर्गणीपेक्षा मोठी वाटते. भाषण रंगात आलं की जॅक्सन थांबत आणि म्हणत, ज्यांचं नाव मतदार यादीत नाही त्यांनी उभं राहावं. माणसं ओशाळून उभी राहत. मग त्यांना पुढे बोलावलं जाई. टेबलावर अर्ज तयार असत. टाळ्या वाजवून घरी जाणारा श्रोता सभेतून मतदार होऊन बाहेर पडे. आपल्याकडे लाखाच्या सभा होतात. त्या सभांच्या दारात मतदार नोंदणीचा अर्ज घेऊन बसलेलं टेबल आम्ही फार क्वचित पाहिलं आहे.

मुक्कामाला ते अनेकदा हॉटेल टाळत आणि गरीब वस्तीतल्या, सरकारी चाळींतल्या समर्थकांच्या घरी राहत. पैसे वाचत, वस्तीचा मान वाढे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरे त्या चाळीच्या गळक्या छतापर्यंत पोहोचत. धमक्या इतक्या होत्या की सरकारी अंगरक्षक फार लवकर द्यावे लागले. सभेला उशीर तर ठरलेलाच. जाहिरातींना पैसा नव्हता, म्हणून बातमी व्हावी लागे. सीरियाने पकडलेला अमेरिकी नौदलाचा वैमानिक रॉबर्ट गुडमन याला सोडवायला ते स्वतः दमास्कसला गेले आणि जानेवारी १९८४ च्या सुरुवातीला त्याला घेऊन परतले. रेगन यांनाही व्हाइट हाउसमध्ये त्यांचं स्वागत करावं लागलं.

आणि लगेच स्वतःच्या तोंडाने केलेलं नुकसान. जानेवारीतल्याच एका खाजगी गप्पांत त्यांनी ज्यूंबद्दल आणि न्यूयॉर्कबद्दल तुच्छतेचा शब्द वापरला. फेब्रुवारीत तो छापून आला. आधी त्यांनी नाकारलं, मग न्यू हॅम्पशायरमधल्या एका सिनेगॉगमध्ये जाऊन माफी मागितली. बातमी देणारा पत्रकार कृष्णवर्णीय होता आणि त्यालाच गद्दार ठरवलं गेलं. आम्ही याला विरोधकांचं कारस्थान म्हणणार नाही. सर्व वंचितांच्या इंद्रधनुषी आघाडीची भाषा करायची आणि एका छळ सोसलेल्या समूहाला हिणवायचं, हे चूकच होतं. त्याची किंमत चार वर्षांनंतरही चुकवावी लागली.

१९८४ चा निकाल असा. जॅक्सन यांना सुमारे ३३ लाख मतं पडली, म्हणजे जवळपास १८ टक्के. अधिवेशनात त्यांच्या नावावर मतं पडली सुमारे ४६५, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं कुठे गेलं? नियमात गेलं. अनेक ठिकाणी २० टक्क्यांची अट होती, त्याखाली मतं मिळाली तर प्रतिनिधी शून्य. काही राज्यांत मतदारसंघात पहिला येणारा सगळेच प्रतिनिधी घेऊन जाई. शिवाय खासदार आणि पक्षाचे पदाधिकारी कुठल्याही कौलाशिवाय थेट प्रतिनिधी म्हणून बसत. हे सुपरडेलिगेट १९८४ पासूनच सुरू झाले होते आणि त्यांचा ओढा माँडेल यांच्याकडे होता. वस्ती एकवटलेल्या समाजाचं मत एका ठिकाणी साचतं आणि इतरत्र अटीखाली बुडतं. जॅक्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात नियमांवर भांडण काढलं. तिथे ते हरले, पण तक्रार नोंदली गेली.

दरम्यान याद्यांत शिरलेली नवी नावं कामाला लागली होती. १९८६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने सिनेट परत जिंकलं. अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना, नॉर्थ कॅरोलायना इथले जिंकलेले उमेदवार गोरे होते, पण गोऱ्यांची बहुसंख्य मतं त्यांना नव्हती. ते कृष्णवर्णीय मतांवर निवडून आले. पुढच्याच वर्षी रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचं नाव पाठवलं. नागरी हक्क चळवळीने ते धोक्याचं मानलं आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी ते फेटाळलं. त्या ५८ मध्ये हे दक्षिणेतले सिनेटरही होते. (अलाबामाचे शेल्बी १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षात गेले. उसना उमेदवार किती दिवस आपला राहतो, तेही यात दिसतं.)

१९८८ ची मोहीम वेगळ्या तयारीची होती. आयोवात कृष्णवर्णीय लोकसंख्या नगण्य. तिथे जॅक्सन यांनी राज्याचं प्रचार कार्यालय थाटलं ग्रीनफिल्ड नावाच्या छोट्या, गोऱ्या शेतकऱ्यांच्या गावात. त्या काळात कर्जापायी शेतं लिलावात निघत होती आणि जॅक्सन लिलावाविरुद्ध बोलत होते. मेन राज्यातल्या जे गावी कागद कारखान्यातले संपकरी, विस्कॉन्सिनमधल्या केनोशात मोटार कारखाना बंद होणार म्हणून हवालदिल झालेले कामगार, अशा गोऱ्या गर्दीपुढे ते उभे राहिले. आयोवात १९८४ ला जेमतेम दीड टक्का मिळालं होतं, आता सुमारे नऊ टक्के मिळालं. जिंकले नाहीत. पण कृष्णवर्णीय उमेदवाराला गोरा शेतकरी मत देतच नाही, हे गृहीतक मोडलं.

८ मार्चला दक्षिणेतली बहुतेक राज्यं एकाच दिवशी मतदान करणार होती. ही योजना दक्षिणेतल्या मवाळ गोऱ्या नेत्यांनी आखली होती, आपल्यातलाच कोणी पुढे यावा म्हणून. त्या दिवशी अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया ही पाच राज्यं जॅक्सन यांनी जिंकली. २६ मार्चला मिशिगनमध्ये त्यांनी मायकेल डुकाकिस यांच्या जवळपास दुप्पट मतं घेतली. डेट्रॉइटच्या महापौरांचा पाठिंबा डुकाकिस यांना होता, शहर मात्र जॅक्सन यांच्यामागे गेलं. काही दिवस ते आघाडीचे उमेदवार होते, आणि वर्तमानपत्रं विचारत होती की जेसीला नेमकं हवंय तरी काय? उमेदवाराला उमेदवारी हवी असते. डुकाकिस यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही.

विस्कॉन्सिनमध्ये २८ टक्के मिळूनही हार झाली. न्यूयॉर्कमध्ये महापौर एड कॉच यांनी १९८४ चा तो शब्द उकरून काढत ज्यू मतदारांना जॅक्सन यांच्याविरुद्ध उघड चिथावलं आणि तिथे वाट संपली. अखेर ६९ लाख मतं, अधिवेशनात १२१८ हून जास्त प्रतिनिधी. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी डुकाकिस यांनी लॉइड बेंटसन यांना निवलं, ते जॅक्सन यांना विमानतळावर पत्रकारांकडून कळलं. अपमान होता. शिकागोहून बसचा ताफा घेऊन ते अटलांटाच्या अधिवेशनाला गेले. तिथे ते पदासाठी रुसून बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांच्या माणसांनी नियमांवर सौदा केला. पुढच्या निवडणुकीपासून सर्व राज्यांत प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातील, १५ टक्क्यांची अट तेवढी राहील, पहिला येणारा सगळं घेऊन जाणार नाही. अधिवेशनात जॅक्सन यांची बाजू सांभाळणारे रॉन ब्राउन १९८९ मध्ये पक्षाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

नियमाचं हे महत्त्व आपल्याला नवं वाटू नये. १९३२ च्या पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांचं पॅनेल निवडायचं, मग संयुक्त मतदारसंघातून त्यातला एक निवडून यायचा. आपल्या लोकांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला माणूस दुसऱ्या फेरीत सवर्ण मतांनी पडू शकत होता. बाबासाहेबांनी हे दुखणं आकड्यांनिशी मांडलं, आणि १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात बहुसदस्य मतदारसंघ आणि एकत्रित मतदानाची पद्धत सुचवली, म्हणजे मतदाराने आपली सगळी मतं एकालाच देता यावीत. आपण बाबासाहेबांचे पुतळे मोजतो, मतमोजणीच्या पद्धतीवरचं त्यांचं लेखन वाचत नाही.

२००८ मध्ये नव्या नियमाची खरी परीक्षा झाली. हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठी राज्यं जिंकली. कॅलिफोर्नियात त्यांना २०४ प्रतिनिधी मिळाले, पण हरलेल्या बराक ओबामांनाही १६६ मिळाले. न्यू जर्सीत दहा लाखांहून जास्त मतं पडून हिलरींची आघाडी ११ प्रतिनिधींची. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसमध्ये वीस-एकवीस हजार माणसं जमली आणि ओबामांना १२ ची आघाडी मिळाली. ओबामांच्या माणसांनी नियम वाचला होता आणि जिथे कोणी जात नाही तिथे कार्यकर्ते पाठवले होते. गंमत अशी की १९८८ ला जॅक्सन यांच्यासाठी काम केलेले हॅरॉल्ड इक्स २००८ ला हिलरींच्या बाजूने प्रतिनिधी मोजत बसले होते. जुना नियम असता, मोठं राज्य जिंकणाऱ्याने सगळं न्यायचं असतं, तर ओबामा त्या उन्हाळ्यात उमेदवार झाले असते असं आम्हाला वाटत नाही.

एवढं सांगून जॅक्सन यांची आरती ओवाळायची आमची इच्छा नाही. 'इंद्रधनुषी आघाडी' हा शब्दही मुळात त्यांचा नव्हता. १९६९ मध्ये शिकागोत ब्लॅक पँथरचे तरुण नेते फ्रेड हॅम्प्टन यांनी कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन आणि गरीब गोऱ्या तरुणांना एकत्र आणून तो घडवला होता, आणि त्याच वर्षअखेरीस पोलिसांनी त्यांना मारलं. जॅक्सन यांच्या हाती १९८८ मध्ये ६९ लाख मतं आणि राज्याराज्यांत तयार झालेले कार्यकर्ते होते. त्यातून गावपातळीवर टिकणारी, स्वतः निर्णय घेणारी संघटना उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही. सूत्रं वरच्या कार्यालयात आणि एका माणसाभोवती राहिली, आणि निवडणूक संपल्यावर शाखा हळूहळू विझल्या. आयोवाच्या शेतकऱ्याकडे आणि केनोशाच्या कामगाराकडे पुन्हा नियमित जाणारं कोणी उरलं नाही. त्यांनी नियम मागे ठेवला, याद्या मागे ठेवल्या, पण त्या वापरणारी स्वतःची संघटना मागे ठेवली नाही. म्हणून त्यांचा फायदा दुसऱ्यांनी घेतला. आधी ओबामांनी, आणि २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांनी. १९८८ ला बर्लिंग्टनचे महापौर असताना सँडर्स यांनी जॅक्सन यांना पाठिंबा दिला होता आणि व्हरमाँटचं कॉकस जॅक्सन यांनी जिंकलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी हरत असतानाही सँडर्स शेवटच्या राज्यापर्यंत प्रतिनिधी गोळा करत राहिले, ते याच प्रमाणशीर वाटपाच्या जोरावर.